मागचें चाक कां तापलें?

या सदरांत बहुधा सुभाषितें आणि शब्दांच्या व्युत्पत्ति येतात. या महिन्यांत मोटारीच्या ब्रेकाविषयीं लिहितों आहें, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. विषय रुक्ष असला तरी त्यानें आमच्या घरची पांच माणसें घाटांतून खालीं जाण्याचा प्रसंग आणला होता.

वाशिंदचा पाऊस कोणत्याहि वस्तूस मोकळें सोडीत नाहीं. मुंबईस पाणी पुरविणारे तान्सा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यांतच कां बांधले, हें कळण्यास येथें एक श्रावण काढावा. गेल्या श्रावणांत कन्येची मोटार तीन आठवडे आमच्या अंगणांत उभी होती. हँडब्रेक मींच ओढला होता, आणि तोहि शाळेच्या घंटेची दोरी ओढावी तसा, सर्व बळ लावून. पुढील दोषाचा धनी मीच, हें आरंभींच सांगून टाकतों.

भाद्रपदांत सौभाग्यवतींच्या भगिनीकडे नाशकास आम्ही निघालों. गाडी भाचा चालवीत होता. निघतांना मागें ‘खट्’ असा आवाज झाला व चाकें सुटलीं. आटगांवच्या पुढें गाडी जड वाटूं लागली. उतारावर पाय काढला तरी ती आपण होऊन धांवेना. खर्डीस चहाला थांबलों, तों जळका वास आला. “कोणाचें तरी दूध करपलें,” मीं म्हटलें. “दूध नव्हे, आपली गाडी,” सौभाग्यवती म्हणाल्या. डाव्या मागच्या चाकाची धग वीतभर अंतरावरून लागत होती. उजवें चाक नुसतें कोमट होतें.

भाचा म्हणाला, “मामा, थोडें घासतें आहे. घाट चढेपर्यंत मोकळें होईल.” मला भीति चढण्याची नव्हती, परतींत उतरण्याची होती. ज्या कसारा घाटांत आगगाडीसहि 37 फुटांस 1 फूट असा चढ आहे, आणि बहुतेक गाड्यांस मागून जादा इंजिनें लावावीं लागतात, तो घाट कांहीं थट्टेचा नव्हे. ब्रेकांतलें ऑइल हवेंतला ओलावा शोषून घेतें. चाक सतत घासून तापलें म्हणजे तें ऑइल उकळतें व त्यांत वाफ होते. द्रव दाबला जात नाहीं, वाफ मात्र दाबली जाते; म्हणून ऐन उतारावर पेडल पोकळ होऊन तळाला जातें. भाच्यानें चाकावर ओतण्यास पाण्याची बाटली उचलली होती, तीहि मीं काढून घेतली. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलें तर ती वांकडी होते, प्रसंगीं तडकते. चाक निवूं दिलें, आणि थांबत थांबत घरीं परतलों. मेहुणीचा रुसवा पुढें महिनाभर टिकला.

दुसऱ्या दिवशीं एका मोठ्या गॅरेजांत चाक न काढतांच निदान झालें: दोन्ही कॅलिपर, डिस्का, पॅड, सर्व नवें घाला! उत्तरपत्रिका न उघडतां गुण देणारे परीक्षक मीं पाहिले आहेत. त्यांचीच आठवण झाली. मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या लहानशा गॅरेजांत गेलों. त्याची रीति पाहून मला न्यायशास्त्रांतला अन्वयव्यतिरेक आठवला. तो शब्द त्याच्या कानांवरून कधीं गेला नसेल, पण प्रयोग निर्दोष होता.

सपाट जागीं पुढच्या चाकांस दगड लावून त्यानें गाडी उचलली व खालीं स्टँड दिले. नुसत्या जॅकवर विसंबून कोणीं गाडीखालीं हात घालूं नये. हँडब्रेक सोडलेला असूनहि चाक हातानें फिरेना. कॅलिपरावरच्या दांडीपासून त्यानें केबल सोडविली. दांडी टणकन् मागें गेली आणि चाक निम्मेशिक सुटलें. म्हणजे दांडी निर्दोष होती, केबल आंतून गंजली होती. (केबल काढूनहि दांडी परतली नसती, तर दोष कॅलिपरांतला ठरता.) पण राहिलेलें घासणें कशाचें? त्यानें ऑइलाची निपल किंचित् उघडली. आंत दाब अडकला असता तर ऑइल उसळून चाक सुटतें, आणि रबरी नळी आंतून फुगली असा संशय येता. तसें कांहीं झालें नाहीं.

उरली स्लाइड पिन. ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो, त्यांपैकीं खालचीचें रबरी टोपण फाटलें होतें व ती गंजून बसली होती. आंतलें पॅड बाहेरच्यापेक्षां निम्मेंच उरलें होतें, हीच त्याची साक्ष.

पिन पॉलिश पेपरानें घांसून तिला ब्रेकासाठीं येणारें सिलिकोनचें ग्रीस लाविलें. साध्या ग्रिसानें किंवा इंजिनाच्या ऑइलानें रबर फुगतें आणि महिन्याभरांत पुन्हां तेंच दुखणें. टोपण व केबल नवी, पॅड दोन्ही बाजूंचीं नवीं. पॅडांच्या खांचांतला गंज तारेच्या ब्रशानें काढला. मी मदतीस म्हणून पिस्टन दाबूं लागलों, तों तो ओरडला, “गुरुजी, दाबूं नका, फिरवा!” ज्या कॅलिपरांत हँडब्रेकाची दांडी असते, त्यांतला पिस्टन मळसूत्री असल्यामुळें फिरवीतच आंत न्यावा लागतो. ज्या नव्या गाड्यांस बटणाचा हँडब्रेक असतो, त्यांची मोटर आधीं यंत्रानें मागें घ्यावी लागते. तेथें हातघाई केली तर मोटरच मोडते. शेवटीं ऑइल बदललें. तें दर दोन वर्षांनीं बदलावें, असें गाडीच्या पुस्तकांत छापलेलें आहे. आमच्या घरीं तें पुस्तक अद्याप कोऱ्या पिशवींतच होतें. पेडल घट्ट होईपर्यंत अनेक वेळां दाबून मगच गाडी रस्त्यावर काढली.

आतां पावसांत गाडी सपाटीवर पहिल्या गिअरांत ठेवितों, चाकास दगड लावितों आणि हँडब्रेक सोडून देतों. दर आठ दिवसांनीं तिला स्टेशनापर्यंत फिरवूनहि आणतों.

आश्विनांत नाशकास गेलों. परततांना कसारा घाट उतरून थांबलों, तेव्हां सौभाग्यवती आधीं खालीं उतरल्या, दोन्ही मागच्या चाकांजवळ वाकून वास घेतला, आणि मगच चहा सांगितला.