हा डबा की तो डबा?

हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर एक चक्कर मारा. खिडकीत लोणच्याची बरणी असते, आईने दिलेला चिवड्याचा डबा असतो आणि आता त्यांच्या शेजारी एक काळाकुट्ट, रुंद झाकणाचा डबाही असतो. त्यावर सोनेरी अक्षरं आणि आत प्लास्टिकचा चमचा. (त्याला ‘स्कूप’ म्हणायचं. चमचा म्हटलं की लोक हसतात.) हा डबा आधी जिममध्ये घाम गाळणाऱ्या पोरांचा होता. आता तो वजन कमी करायला निघालेल्यांचाही झालाय, आणि माझा आक्षेप तिथे आहे. पावडरला माझी हरकत नाही. तिच्यामागे जो हिशोब मांडला जातो, त्याला आहे.

तो हिशोब तुम्हाला माहीत आहे. रात्रीची मेस बंद करायची, त्याऐवजी पाण्यात एक स्कूप. मेसचे पैसे वाचतात, कॅलरीज वाचतात आणि गॅदरिंगपर्यंत पाच किलो गायब. रीलमध्ये तर हे तीस सेकंदांत होतं, खाली कूपन कोडसुद्धा असतो.

आधी घरच्यांच्या बाजूचा एक गैरसमज काढून टाकू. ‘पावडर घेतोस? म्हणजे स्टिरॉइड!’ असं नसतं. बाजारात सगळ्यात जास्त चालणारी पावडर व्हेची, आणि व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणारं हिरवट पाणी. घरी पनीर केलं की आई ज्या पाण्यात कणीक मळते, तेच. कारखान्यात चीज बनवताना उरलेलं हे पाणी गाळून, आटवून, वाळवून पावडर करतात. साधारण 30 ग्रॅमच्या एका स्कूपमध्ये 24 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि 120 कॅलरीज. म्हणजे हे एक खाद्य आहे. औषध नाही, विष नाही आणि चरबी जाळणारी जादू तर मुळीच नाही.

मग वजन कमी करताना प्रोटीनचं नाव का घेतात? कारण त्यात तथ्य आहे. तुम्ही कमी खायला लागलात की शरीर फक्त चरबी वापरत नाही, स्नायूही वापरतं. पुरेसं प्रोटीन आणि जोडीला थोडा वजनाचा व्यायाम असेल, तर स्नायू बऱ्यापैकी टिकतात. प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, आणि ते पचवायलाच शरीराला त्यातल्या 20 ते 30 टक्के कॅलरीज खर्चाव्या लागतात. पिष्टमय पदार्थांसाठी हा खर्च साधारण 5 ते 10 टक्केच असतो. इथपर्यंत रीलवाले बरोबर आहेत.

पण वजन उतरतं ते एकूण खाणं खर्चापेक्षा कमी झाल्यामुळे. पावडर त्यात मदतनीस आहे, आणि मदतनीसाच्याही कॅलरीज मोजाव्या लागतात. एक लोकप्रिय शेक बघा : एक स्कूप (120), 300 मिली म्हशीचं दूध (साधारण 280), एक केळं (100), वर चमचाभर पीनट बटर (100). झाल्या 600 कॅलरीज. मेसच्या एका साध्या जेवणाएवढ्या. हा शेक जिमनंतर प्यायचा आणि वर साडेआठला मेसमध्ये पण जायचं, मग महिन्याने काटा वर सरकला की ‘पावडर सूट होत नाही’ म्हणायचं. काही जण तर नीट न वाचता ‘मास गेनर’चा डबा उचलतात. तो वजन वाढवण्यासाठीच असतो हो! नावातच लिहिलंय. त्यात प्रोटीनपेक्षा कार्बोहायड्रेट्सच जास्त असतात.

उलट बाजू जास्त वाईट आहे, आणि ती मुलींमध्ये जास्त दिसते. दूध नको, केळं नको, फक्त पाण्यात एक स्कूप आणि हेच रात्रीचं जेवण. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी कॅंटीनमध्ये अर्धी प्लेट काहीतरी. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि आपण ग्रुपवर फोटो टाकतो. त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो. शरीरातला साठवलेला ग्लायकोजेन संपतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे धरून ठेवलेलं जवळपास तीन ग्रॅम पाणी निघून जातं. नीट जेवलात की ते परत येतं. मग वाटतं, जेवणच वाईट.

स्कूपमध्ये प्रोटीन आहे, पण भाजीतला फायबर नाही, पालेभाजी-कडधान्यातलं लोह नाही, भाकरी नाही. देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आहे, असं 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. म्हणजे आपल्यातल्या अनेक जणींची सुरुवातच उणे खात्यातून होते, आणि तिथूनही आपण एक जेवण काढून टाकतो. असं उपाशी राहण्याचं बिल लगेच येत नाही. केस गळायला लागतात ते दोन-तीन महिन्यांनी, तेव्हा दोष हॉस्टेलच्या पाण्याला जातो. पाळी लांबते, तो ‘परीक्षेचा ताण’. पाळी तीन महिने आली नसेल, तर कृपया ट्रेनरला विचारू नका, डॉक्टरकडे जा.

आता ज्यांना खरंच प्रोटीन कमी पडतं का, हे बघायचंय त्यांच्यासाठी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरतं. वजन 60 किलो असेल तर साधारण 50 ग्रॅम. वजन कमी करताना स्नायू टिकवायचे असतील आणि व्यायामही चालू असेल, तर ही गरज वाढते, ढोबळमानाने 70 ते 90 धरा. आता मेसचा दिवस लिहून काढा. सकाळी पोहे, चहा : 7. दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर वरण, भात : 18 ते 20. रात्री तेच, फक्त बटाट्याच्या जागी फ्लॉवर-बटाटा. सगळं मिळून 45 च्या आसपास. आणि हे वरण वरण असेल तर! आमच्या मेसच्या वरणात वाटीचा तळ स्वच्छ दिसतो, डाळ शोधायला टॉर्च लागते.

म्हणजे तूट आहे, हे खरंय. ती निदान 25 ग्रॅमची आहे. ही भरायला एक स्कूप लागतो किंवा दोन अंडी (12), मूठभर फुटाणे (6) आणि ग्लासभर दूध (8) लागतं. 26 झाले. सोयाबीनच्या वड्या कोरड्या असताना निम्म्या वजनाच्या प्रोटीनच असतात. मुठीएवढ्या, म्हणजे 30 ग्रॅम वड्या भिजवून भाजीत टाकल्या तर 15 ग्रॅम आले. पिठलं, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी हे आपलंच आहे, फक्त त्याच्या पाकिटावर सोनेरी अक्षरं नाहीत. किनारपट्टीवरच्या मंडळींना तर सुकट आणि सुके बोंबील सांगायलाच नकोत, घरून येताना आणता येतात. वास येतो म्हणून रूममेट भांडेल, ते तुम्ही बघून घ्या.

आणि इथे एक मुद्दा, जो मला या सगळ्या डाएट-चर्चांमध्ये कुणी बोलताना दिसत नाही. ‘अंडी खा, स्वस्त आहेत’ हे सांगणं सोपं आहे. ती उकडायची कुठे? पुण्यात खोली शोधलेल्या प्रत्येकाला ती अट पाठ आहे : नॉनव्हेज चालणार नाही, आणि नॉनव्हेजमध्ये अंडं धरलेलं असतं. हॉस्टेलमध्ये इंडक्शन बंद, किटली सापडली तर जप्त. फ्रिज नाही, त्यामुळे दूध-पनीर टिकत नाही. मेसमध्ये अंडं जास्तीचे पैसे देऊन आठवड्यातून एकदा. अशा खोलीत नियमात बसणारं प्रोटीन एकच उरतं, जे उकडावं लागत नाही, नासत नाही, वास मारत नाही आणि काकांना कळत नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या मुलींनी डबा घेतलाय तो इन्फ्लुएन्सरमुळे नाही, घरमालकामुळे. त्यांना ‘घरचं सकस अन्न खा’ असं सांगणारे लेख मी खूप वाचलेत. घर दोनशे किलोमीटरवर आहे, साहेब.

म्हणूनच पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांशी मी अर्धीच सहमत आहे. शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा, त्यात साखर, स्वीटनर्स आणि इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात, असं त्या म्हणतात. सावधगिरी पटते. पण ज्याच्या ताटात डाळच नाही त्याला नुसतं ‘टाळा’ म्हणून भागत नाही.

घ्यायचीच असेल तर डोळे उघडे ठेवून घ्या, कारण हा बाजार फार स्वच्छ नाही. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकली जाणारी 36 प्रोटीन सप्लिमेंट्स तपासली गेली आणि 2024 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळपास 70 टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची होती. काहींत लिहिल्याच्या निम्मंच प्रोटीन निघालं. यात एक जुनी चलाखीही असते. प्रयोगशाळेत प्रोटीन बऱ्याचदा नायट्रोजनवरून मोजतात, मग ग्लायसीन, टॉरीनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की आकडा आपोआप फुगतो. घटकांच्या यादीत ही नावं वेगळी दिसली तर डबा खाली ठेवा. ‘फॅट बर्नर’, ‘स्लिम शेक’ असलं काही लिहिलं असेल तरी खाली ठेवा. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक बघा, सील बघा, आणि सुटी पावडर पिशवीत भरून देणाऱ्या ‘ओळखीच्या दादा’कडून अजिबात घेऊ नका. त्या दादाला आणि काउंटरवर डबे रचून ठेवणाऱ्या ट्रेनरला प्रत्येक डब्यामागे काहीतरी सुटतं, हे लक्षात ठेवून त्यांचा सल्ला ऐका.

तालुक्याच्या गावांत याचीच एक वेगळी आवृत्ती आहे. गल्लीत ‘न्यूट्रिशन क्लब’ निघतात, सकाळी मोफत वजन मोजतात, मग शेक, मग महिन्याचं पॅकेज आणि थोड्या दिवसांनी ‘तूच का नाही विकत, कॉलेज करून कमाई होईल’. वजन कमी करायला गेलेली मैत्रीण आपल्यालाच डबे विकायला येते, आणि तिला नाही म्हणायचं अवघड होतं. म्हणा.

शाकाहारी आहात, अंडं चालत नाही, दिवसभर प्रॅक्टिकल्स आणि संध्याकाळी ग्राउंड, तर जेवणासोबत दिवसाला एक स्कूप ठीक आहे. किडनीचा काही त्रास असेल किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दुधाने पोट फुगत असेल तर साध्या व्हेनेही फुगेल. आणि जेवणाऐवजी? नको.

पैशांचंही बघा ना. बऱ्यापैकी नावाच्या किलोभर डब्याला अडीच-तीन हजार लागतात, त्यात तीसेक स्कूप येतात. दोघी-तिघींच्या खोलीत असे तीन डबे दिसतात, मजल्यावर तीस. हेच तीस जण एकत्र जाऊन मेसच्या मावशींना भेटले आणि म्हणाले की महिन्याला शंभर-दोनशे जास्त देतो, पण आठवड्यातून चार दिवस उसळ हवी, वरण घट्ट हवं आणि ज्यांना चालतं त्यांना रोज एक उकडलेलं अंडं, तर? मी आमच्या मेसमध्ये हे विचारून बघितलं. मावशींनी आधी पदराला हात पुसले, मग म्हणाल्या, “बटाटा तुम्हालाच लागतो गं. उसळ केली की निम्मी ताटात टाकता. आधी किती जण खाणार ते लिहून आण.” कागद सध्या जिन्याजवळच्या नोटीस बोर्डावर लावलाय, त्यावर अकरा नावं झालीत.