ओट्यावरून : सैतानाचा तीव्र मध्यम

मंडळाच्या गणपतीत दर वर्षी गाण्यांच्या भेंड्या होतात आणि दर वर्षी कुणीतरी विचारतं, "तुमचं आवडतं गाणं कुठलं हो?" दहा वर्षं मी "तसं सगळंच आवडतं" असं म्हणून वेळ मारून नेली. यंदा दिवाळीच्या मुहूर्तावर खरं सांगून टाकते. ओट्याशी उभी असताना माझ्या कानात बहुतेक वेळा हेवी मेटल वाजत असतं. चकलीचा सोऱ्या फिरवायला ब्लॅक सबाथच्या 'आयर्न मॅन'सारखी दुसरी लय नाही. संथ, जड, आणि प्रत्येक ठोक्याला एक वेढा.

हसू नका, आणि पानही उलटू नका. कारण हा विषय आपल्या गावचा आहे. आपण बर्मिंगहॅमकर पाहुण्यांना शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड दाखवतो, कॅडबरीचं बोर्नव्हिल दाखवतो. पण ज्या संगीताने जगभरच्या तरुणांना वेड लावलं, ते इथल्या ॲस्टनमध्ये जन्मलं, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असतं?

मलाही ठाऊक नव्हतं. माझी या संगीताशी ओळख झाली पुण्यात. २००९ साली मी इंग्रजीत एम.ए. करत होते. हॉस्टेलवरची माझी रूममेट शिलाँगची. परीक्षेला कोलरिजची म्हाताऱ्या खलाशाची ती लांबलचक कविता होती आणि ती काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नव्हती. एका रात्री तिने न बोलता माझ्या कानात इअरफोन घातले. आयर्न मेडनचं १९८४ सालचं, तेरा मिनिटांहून मोठं गाणं. त्याच कवितेवरचं. मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि थांबलेल्या जहाजाची लाकडं करकरताना ऐकू येतात. ती शांतता ऐकली आणि कविता मला कळली. पुढे मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागले तेव्हा टेनिसनची बालाक्लाव्हाच्या घोडदळावरची कविता शिकवताना वर्गात त्याच बँडचं 'द ट्रूपर' लावलं. मागच्या बाकावरची मुलं त्या दिवशी पहिल्यांदा पुढे येऊन बसली. प्राचार्यांनीही मला पहिल्यांदाच बोलावून घेतलं, ते वेगळ्या कारणासाठी.

२०११ च्या दिवाळीत दादाने भाऊबिजेच्या ओवाळणीत ताटात पाकीट ठेवलं. आत मेटॅलिकाच्या बंगळुरूच्या कार्यक्रमाचं तिकीट. ३० ऑक्टोबरला पॅलेस ग्राउंड्सवर होता तो. डब्यात उरलेली शंकरपाळी घेऊन आम्ही दोघं रात्रीच्या बसने गेलो. आईला 'मैत्रिणीचं लग्न' सांगितलं होतं. आई, आता वाचलंसच तर माफ कर.

लग्नानंतर २०१५ मध्ये इथे आले. नोकरी सुटली, मराठी बोलायला दिवसभर कुणी नाही, बाहेर पाऊस. अशाच एका दिवशी इथल्या लायब्ररीत पुस्तकं चाळताना टोनी आयोमीची गोष्ट वाचली आणि तिथेच खुर्चीत बसून राहिले.

टोनी आयोमी हा ब्लॅक सबाथचा गिटारवादक. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं होतं आणि कारखान्यातला तो शेवटचा दिवस होता. जेवायच्या सुट्टीत घरी आला, परत जायचं त्याच्या मनात नव्हतं. आईने बजावलं, काम पुरं करून ये. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला तिथे उभं केलं. प्रेस खाली आली आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. मग कारखान्यातला त्याचा साहेब एक रेकॉर्ड घेऊन आला. जँगो राइनहार्टची. हा गिटारवादक आगीत हात भाजल्यावर डाव्या हाताच्या दोनच बोटांवर सूर वाजवायचा. ते ऐकून टोनी उठला. साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या बनवल्या, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात, म्हणून हलक्या तारा बसवल्या. पुढे तारा आणखी सैल करून सूरच खाली उतरवला. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये तो खोल, जड आवाज स्वच्छ ऐकू येतो. आज जगभर ज्याला हेवी मेटलचा आवाज म्हणतात, त्यात त्या दुखऱ्या बोटांचा मोठा वाटा आहे.

मी बसून राहिले ते बाबांमुळे. माझे बाबा भोसरीला एका कंपनीत प्रेसवर होते. संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवायचे. २००४ साली रविवारच्या ओव्हरटाइमला प्रेसमध्ये त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट सापडलं. दोन्ही बोटं पहिल्या पेरापासून गेली. तो ओव्हरटाइम माझ्या अकरावीच्या क्लासच्या फीसाठी होता, हे मला आईकडून कळलं, तेही फार उशिरा. बाबांनी पेटी मंडळाला देऊन टाकली. घरात त्यानंतर तो विषय निघाला नाही.

यंदा जूनमध्ये आई-बाबा आमच्याकडे आले. ५ जुलैला व्हिला पार्कवर ब्लॅक सबाथचा अखेरचा कार्यक्रम झाला. वीस वर्षांनी मूळचे चौघे एकत्र आले. पार्किन्सन्समुळे गायक ऑझी ऑस्बर्न सिंहासनावर बसून गायला. २२ जुलैला तो गेला. ३० तारखेला त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघणार होती. मी निघाले तर बाबाही चपला घालून तयार. "घरी बसून काय करू? बघू तरी तुझा ऑझी."

कालव्यावरच्या त्या पुलाला २०१९ मध्ये ब्लॅक सबाथचं नाव दिलं. तिथल्या बाकावर चौघांचे चेहरे होते. त्या दिवशी तो बाक फुलांखाली दिसेनासा झाला होता. काळे टी-शर्ट, हातभर गोंदण, आणि रडणारे मोठमोठे पुरुष. त्यात हाफ स्वेटर घातलेले माझे बाबा. एका बाईने स्वतःची घडीची खुर्ची उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "सिट डाउन, बॅब." इथल्या बोलीतलं 'बॅब' बाबांना 'बाब' ऐकू आलं. मला म्हणाले, "अगं, मराठी येतं वाटतं हिला!" ब्रास बँड वाजवत आला, गाडी पुलापाशी थांबली, लोकांनी ऑझीच्या नावाचा घोष केला. "वारीसारखंच आहे की," बाबा हळूच म्हणाले.

परतताना ट्राममध्ये मी त्यांना टोनीची गोष्ट सांगितली. बोटांचं सांगताना माझा आवाज अडखळला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला रेकॉर्ड आणून देणारा साहेब भेटला. मला भरपाईचा फॉर्म मिळाला." आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर म्हणाले, "लाव बघू त्यांचं एक." मी पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं लावलं, १३ फेब्रुवारी १९७० ला आलेलं. बँडचं, अल्बमचं आणि गाण्याचं नाव एकच. आधी पाऊस, दूरवर चर्चची घंटा, आणि मग कोसळल्यासारखे तीन सूर. बाबांनी हात वर केला. "थांब. पुन्हा लाव."

आमच्या जिन्याखाली मंडळाची पेटी असते, आरत्यांसाठी. त्यांनी ती स्वतः ओढून काढली, भाता सोडला आणि अंगठा, करंगळी, अनामिका अशा तीन बोटांनी ते तीन सूर वाजवले. "सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम."

मी सांगितलं, या अंतराला युरोपात एके काळी सैतानाचा सूर म्हणत. बाबा चक्क हसले. "सैतान कुठला? आपल्या यमनात हा, मारव्यात हा, पूरियात हा. हा सूर लागला की आपल्याकडे दिवेलागण होते."

तीन सूर होते, म्हणून तीन बोटं पुरली. त्यांनी पेटी बंद करून परत जिन्याखाली ठेवली.

आता तुमच्यासाठी, विशेषतः मुलांच्या खोलीतून असा आवाज आला की काळजीत पडणाऱ्या आईवडिलांसाठी, माझी चार आवडती गाणी. ब्लॅक सबाथचं 'वॉर पिग्ज' (१९७०) : स्वतः घरी बसून गरिबांच्या पोरांना लढायला पाठवणाऱ्यांवरचा संताप. जूडस प्रीस्ट या आपल्याच भागातल्या बँडचं 'मेटल गॉड्स' (१९८०) : त्यातल्या लोखंडी पावलांच्या आवाजासाठी त्यांनी चमचे-काट्यांचा ट्रे खुळखुळवला होता, म्हणजे स्वयंपाकघराचा हक्क आहेच. आयर्न मेडनचं 'हॅलोड बी दाय नेम' (१९८२) : फाशीची वाट बघणाऱ्या कैद्याचे शेवटचे क्षण. आणि मेटॅलिकाचं 'वन' (१९८८) : युद्धात हातपाय, डोळे, वाचा सगळं गमावलेला सैनिक. यातलं एकही गाणं मुलांना बिघडवणारं नाही. मुलांबरोबर बसून ऐका आणि शब्दांचा अर्थ त्यांनाच विचारा. माझा अनुभव सांगते, मागच्या बाकावरची पुढे येतात.

आई-बाबा सप्टेंबरात परत गेले. परवा फोनवर आई सांगत होती, बाबांनी भजनी मंडळातून पेटी घरी आणली आहे. भाता गळतो, तेवढा दुरुस्त करून परत देणार म्हणतात. महिना होत आला.

भाता झाला का दुरुस्त, हे मी अजून विचारलेलं नाही.