चुकीचे वाचन

मराठी विभागांतून एक तक्रार नित्य ऐकू येते : पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांना चार वाक्ये धड शुद्ध लिहिता येत नाहीत. तक्रार खोटी नाही. तिच्यावर योजला जाणारा उपाय मात्र खोटा आहे. लघुप्रबंधाच्या पानापानावर लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून ते पान परत करणे हे मुद्रितशोधन होय, अध्यापन नव्हे. त्यातून पान सुधारते. लिहिणारा होता तिथेच राहतो.

न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० साली शहरातील सर्व शालान्त उत्तीर्णांना प्रवेश खुला केला, तेव्हा तेथील प्राध्यापकवर्गातही असाच हाहाकार उडाला होता. मीना शॉनेसी यांनी या नवागतांचे सुमारे चार हजार निबंध तपासले आणि १९७७ साली 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' या ग्रंथात एक साधे पण दूरगामी प्रतिपादन केले : चुका बेशिस्तीतून होत नाहीत, त्यांना स्वतःची तर्कसंगती असते, म्हणून शिक्षकाने त्या मोजण्याआधी वाचल्या पाहिजेत.

मराठीत याची प्रचिती सहज येते. 'कवीमन' असे लिहिणाऱ्याला नियम ठाऊक नसतो असे नाही. 'कवी' दीर्घान्त लिहावा, हा नियम त्याने समासातही पाळलेला असतो. ज्याच्या बोलीत 'पानी' आहे तो एकदा धारेवर धरला गेला, की 'मन'चे 'मण' करू लागतो. लाल शाईला इथे वीस चुका दिसतात. वस्तुतः चूक एकच आहे, आणि तिच्यामागे विचार करणारी बुद्धी आहे. ती बुद्धी न ओळखणे हे शिक्षकाचे अज्ञान होय.

या अज्ञानाला मराठी समीक्षेत परंपरा आहे. 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध झाली. पुढे 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली. लेखकाची भाषा हास्यास्पद ठरविली, की त्याच्या प्रतिपादनाचे गांभीर्य आपोआप हलके होते. घरातला पहिलाच पदवीधर असलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध 'आधी शुद्ध करून आणा' म्हणून परत केला जातो, तेव्हा हीच क्रिया लहान प्रमाणावर घडते. तो विद्यार्थी शुद्धलेखन शिकत नाही. सुरक्षित वाक्ये उसनी घ्यायला शिकतो. मार्गदर्शिकांतून उतरवलेली निर्दोष आणि निर्जीव समीक्षा ही या लाल शाईचीच निष्पत्ती आहे.

मग नियम सोडून द्यावेत काय? मुळीच नाही. महामंडळाचे अठरा नियम विद्यार्थ्याला आलेच पाहिजेत; प्रमाणभाषा नाकारण्याचा अधिकारही ती आत्मसात केल्यावरच मिळतो. बोलीच्या कौतुकाखाली त्याला अशिक्षित ठेवणारी उदारता ही उपेक्षेचेच सभ्य रूप आहे. वाद नियमांविषयी नाही, क्रमाविषयी आहे. प्रथम विद्यार्थ्याने आपला परिच्छेद मोठ्याने वाचावा. शिक्षकाने विचारावे : हे विधान कोणाला उत्तर देते? याचा आधार संहितेत कुठे आहे? वाक्य बहुधा तिथेच कोसळते जिथे विचार नव्या प्रदेशात पाऊल टाकत असतो. विचार सावरला की पुष्कळदा वाक्यही सावरते. उरलेल्या दोषांपैकी एका बैठकीत एकच प्रकार निवडावा, त्यामागचा नियम सांगावा आणि पेन्सिल विद्यार्थ्याच्याच हाती राहू द्यावी. लेखन-केंद्राचे काम लेखन सुधारण्याचे नसून लेखक घडविण्याचे आहे, असा आग्रह स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ साली धरला, तो याच अर्थाने.

यावर 'एवढा वेळ कुणाला आहे?' हा ठरलेला आक्षेप येतो. तीच 'चूक' शंभर ठिकाणी खोडण्यास मात्र वेळ असतो. खरी अडचण वेळेची नाही. खोडण्यासाठी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकावे लागत नाही. शिकविण्यासाठी ते ऐकावे लागते, आणि क्वचित त्याच्याकडून उत्तरही घ्यावे लागते. संहितेच्या सूक्ष्म वाचनाची दीक्षा देणारे विभाग समोरच्या विद्यार्थ्याचे पान मात्र वाचत नसतील, तर त्यांच्या समीक्षेला वाचनाविषयी बोलण्याचा अधिकार राहत नाही.