मंगळवारी रुसणारा प्रिंटर

समजा, एखाद्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी तुम्हाला सांगितले, "आपला प्रिंटर मंगळवारी छापत नाही," तर तुम्ही काय म्हणाल? बहुतेक जण हसतील. कुणी शाई तपासायला सांगतील. एखादा विनोदी गृहस्थ "त्याचा मंगळवारचा उपास असेल" म्हणून पुन्हा वर्तमानपत्रात डोके खुपसेल.

२००९ साली एका घरात अगदी हेच घडले. संगणकावर 'उबुंटू' ही फुकट मिळणारी यंत्रणा होती आणि पत्रे लिहायला 'ओपनऑफिस' हा प्रोग्राम. पत्नीची तक्रार अशी, की ओपनऑफिसमधून मंगळवारी कागद बाहेर पडतच नाही. एरवी सगळे ठीक. अशी तक्रार कुणाला खरी वाटणार? पण बाईंनी मंगळवारी नवऱ्याला समोर उभे करून दाखवून दिले. नवऱ्यानेही मग ती जशीच्या तशी उबुंटूच्या चुकांच्या जाहीर नोंदवहीत लिहिली. हसू होईल म्हणून गाळली नाही, याबद्दल त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

ही नोंदवही काय प्रकार आहे, ते आधी सांगायला हवे. ओपनऑफिस हा मुक्त स्रोत प्रोग्राम. म्हणजे तो आतून कसा लिहिला आहे हे कुणीही वाचावे, सुधारावे आणि वाटावे. अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००० साली तो असा खुला केला. २०१० मध्ये त्यातूनच 'लिबरऑफिस' वेगळे निघाले आणि आज तेच जास्त वापरात आहे. असा प्रोग्राम विंडोजवरही चालतो, लिनक्सवरही आणि मॅकवरही. खरी मेख इथेच आहे. पुरणपोळीची कृती एकच असली, तरी गॅसवर, चुलीवर आणि विजेच्या शेगडीवर ती सारखी उतरत नाही. करणारीच्या घरी एकच शेगडी असते. बाकीच्या शेगड्यांवर पोळी का फाटते हे तिला कळायचे कसे? ज्यांच्या घरी त्या शेगड्या आहेत त्यांनी करून पाहून सांगितले तरच. म्हणून या जगात जागोजागचे स्वयंसेवक नवा प्रोग्राम आपापल्या यंत्रावर चालवून पाहतात आणि जे बिघडेल ते सर्वांना दिसेल अशा जागी नोंदवतात.

आता पुन्हा आपल्या मंगळवाराकडे. नवऱ्याने आणि नोंदवहीवरील इतरांनी माग काढला, तो असा.

ओपनऑफिस थेट प्रिंटरशी बोलत नाही. ते पत्राची एक फाइल तयार करते आणि तिच्या सुरुवातीलाच वार, तारीख आणि वेळ घालते. ही फाइल त्या विशिष्ट कंपनीच्या प्रिंटरसाठी लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रामकडे जाते. तो आधी 'फाइल' याच नावाच्या एका जुन्या मदतनिसाला विचारतो, "बाबा रे, हे काय आहे?" मदतनिसाजवळ शेकडो खुणांची यादी असते. अमुक जागी अमुक अक्षरे दिसली तर हे चित्र, तमुक दिसली तर हे गाणे.

या यादीत 'अर्लांग' नावाच्या एका संगणकीय भाषेच्या जुन्या फायलींची खूण होती. स्वीडनच्या एरिक्सन या टेलिफोन कंपनीत जन्मलेली ही भाषा. तिच्या एका आवृत्तीच्या फायलींमध्ये ठरावीक जागी एक तारीख असे: मंगळवार, २२ जानेवारी १९९१, दुपारचे २ वाजून ३२ मिनिटे ४४ सेकंद. ही सगळी ओळ जुळली, तरच ती फाइल अर्लांगची, असा नियम लिहायचा होता. पण त्या यादीत मोकळी जागा आली की खूण संपली असे धरले जाते. मोकळी जागा खुणेचाच भाग असेल, तर तिच्या आधी एक तिरपी रेघ द्यावी लागते. ती रेघ द्यायची राहिली!

परिणाम काय झाला? पोस्टात नव्याने लागलेल्या माणसाला सांगावे, "पाकिटावर नवी मुंबई दिसले की या पिशवीत टाक," आणि त्याने पहिला शब्द तेवढा लक्षात ठेवावा, म्हणजे नवी दिल्लीची पत्रेही वाशीला जाणार. तसेच झाले. अख्ख्या तारखेतून उरली फक्त इंग्रजी मंगळवाराची पहिली तीन अक्षरे. मंगळवारी लिहिलेल्या पत्रात ती नेमक्या त्याच जागी येत. मदतनीस ठामपणे सांगे, "ही अर्लांगची फाइल." प्रिंटरचा प्रोग्राम म्हणे, "मग हे माझे काम नाही." कागद कोराच राही. तपासात फायलीतल्या वाराच्या आधी एक जादा अक्षर घुसवून पाहिले, तर त्याच मंगळवारी छपाई झाली.

पेशवाईत 'ध'चा 'मा' झाला अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तर अक्षरही बदललेले नव्हते. एक रेघ गळली होती, तीही भलत्याच कोणाच्या यादीत. ओपनऑफिसचा दोष नव्हता आणि प्रिंटरचाही नव्हता. शिव्या मात्र दोघांनी खाल्ल्या असणार.

मला या हकिगतीत गंमत वाटते ती पुढेच. समजा, ओपनऑफिसचा एखादा निष्णात कारागीर विंडोजवर काम करतो आहे. त्याच्याकडे हा मदतनीसच नाही, म्हणून त्याचा मंगळवार सुरळीत जाणार. दुसऱ्याकडे उबुंटू आहे, पण प्रिंटर निराळ्या कंपनीचा, तोही म्हणणार, "माझ्याकडे तर चालते." ज्याच्याकडे सगळे योग जुळून आले आहेत, तो वैतागून मंगळवारी रात्री ओपनऑफिस काढून पुन्हा घालणार. बुधवारी सकाळी कागद सुळकन बाहेर! तो निश्चिंत. पुढचा मंगळवार येईपर्यंत.

तेव्हा प्रोग्रामची एक ओळही न लिहिणाऱ्या बाईंनी काय दिले? त्यांनी 'केव्हा' दिले. तक्रारीतला हा शब्द सोन्याच्या मोलाचा. "प्रिंटर चालत नाही" यातून कुणालाच काही कळत नाही. "ओपनऑफिसमधून, मंगळवारी चालत नाही; बुधवारी चालतो" यातून गुन्हेगार सापडतो. डॉक्टरांनाही "बरे वाटत नाही" यापेक्षा "रोज दुपारी चारला ताप चढतो" हे ऐकायला आवडते.

तक्रार करणाऱ्याचा मान राखणारा एक थोर माणूस म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड कनूथ. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गणिताची पुस्तके सुबक छापण्यासाठी 'टेक' हा प्रोग्राम केला आणि तो सर्वांना खुला ठेवला. त्यात चूक दाखवील त्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक! हे बक्षीस ते दुप्पट-दुप्पट करत ३२७ डॉलर ६८ सेंटपर्यंत घेऊन गेले. पण अनेकांनी ते चेक वटवलेच नाहीत. चौकट करून भिंतीवर लावले. पुढे खात्याचा गैरवापर होऊ लागला, म्हणून २००८ पासून ते खऱ्या चेकऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र पाठवू लागले. १९८९ मध्ये तर त्यांनी आपल्या प्रोग्राममधील स्वतःच्या चुकांची यादी लेख लिहून प्रसिद्ध केली. एवढे धैर्य आपल्यापैकी किती जणांपाशी आहे?

मराठी वाचकांना या कामात वाव नाही असे समजू नका. 'ॲ' हे साधे अक्षर, ज्यावाचून आपली 'ॲम्ब्युलन्स' हलत नाही. संगणकाच्या जागतिक लिपीसंहितेत, म्हणजे युनिकोडमध्ये, त्याला स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. आपला 'ल' आणि 'श' हिंदी छपाईतल्यापेक्षा निराळ्या वळणाचा असतो, हे परदेशातल्या कारागिराला कोण सांगणार?

उद्या घरच्या संगणकावर किंवा फोनवर एक छोटे वाक्य टाइप करून पाहा: 'लग्नात आचाऱ्यांना वेळेवर दक्षिणा द्या.' मग तेच वाक्य दुसऱ्या यंत्रावर पाठवून उघडा, आणि छापूनही बघा. 'ऱ्या'तली ती आडवी रेघ गळून वर रफार चढला असेल, तर तुमच्या स्वयंपाक्याचे आचार्य झाले आहेत! मग प्रोग्राम कोणता, त्याची आवृत्ती कोणती, अक्षरवळण कोणते, कोणत्या यंत्रावर ठीक दिसले आणि कोणत्यावर बिघडले, हे सारे लिहा, पडद्याचा फोटो जोडा आणि कळवून टाका. आणि हो, मंगळवारी आणि बुधवारी, दोन्ही दिवशी करून पाहा.