ओटीवरचीं सुभाषितें

कोंकणी माणसाच्या तिरकस बोलण्याचें कौतुक करण्याची जी रीत आपल्या सुशिक्षित घरांत पडून गेली आहे, तिच्याविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस प्राप्त आहे. रत्नागिरीचे जांवई पु. ल. देशपांडे यांचें 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ सालीं निघालें आणि त्यांतील अंतू बर्वा घरोघर पोंचला. तेव्हांपासून त्याचे टोमणे वेंचून मनुष्यस्वभावावरील सुभाषितें म्हणून सांगण्याचा प्रघात पडला. हा त्या लेखावरहि अन्याय आहे आणि रत्नागिरीवरहि.

सुभाषिताची आमची कसोटी एकच: बोलणारा स्वतःस त्यांत धरतो कीं नाहीं? भर्तृहरीचें वैराग्यशतक स्वतःच्याच तृष्णेचा पाढा वाचतें. फ्रान्समधील बंडांत हरलेला सरदार ला रोशफूको यानें १६६५ सालीं अहंकारावर जीं वचनें छापलीं, त्यांचा कर्ता बहुधा 'आपण' असतो. आरोपीच्या पिंजऱ्यांत तो स्वतः आधीं उभा राहतो.

ओटीवरच्या टोमण्याचा कर्ता मात्र नेहमीं 'तो'! तो शिकला तर त्याला शिंगें फुटलीं. न शिकला तर बापाचे पैसे बुडाले. मुलीनें नोकरी धरली, कोणी खाणावळ काढली, कोणी चार कविता छापल्या, कीं संध्याकाळीं सुपारी कातरतां कातरतां निकाल लागलाच. हें बोलणें चतुर नसतें असें नव्हे. आम्हीहि त्यास पोट धरून हंसलों आहों (आणि ऐन वेळीं आपणांस तें सुचलें नाहीं म्हणून चरफडलोंहि आहों). पण वर्षभरानें ती खाणावळ बंद पडली म्हणजे 'आम्ही म्हणालों नव्हतों?' असें विचारावयास तीच ओटी पुढें. भविष्य सांगणारानेंच गिऱ्हाईक तोडलें होतें, हें कोणी हिशेबांत धरीत नाहीं.

कोणी म्हणेल, दारिद्र्यांत एवढीच चैन परवडते. खरें आहे. पिढ्यान्‌पिढ्या या जिल्ह्यांतील कर्ते पुरुष मुंबईस गेले, मागचीं घरें मनिऑर्डरीवर चाललीं, आणि घर राखणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ जीभ तेवढी उरली. देशपांड्यांनीं तें दुःख जाणलें होतें. म्हणून त्यांचा अंतू लेखाच्या शेवटीं टोमणा मारून जात नाहीं. परदेशीं निघालेल्या लेखकाच्या हातीं तो अंगाऱ्याची पुडी ठेवतो. ती पुडी मैफलींत सांगतांना आम्हीं अद्याप कोणास ऐकलें नाहीं. तिला हंशा मिळत नाहीं.