मैदान गावाचे, मंडप कुणाचा?

साहित्य संमेलनाविषयी आपल्या मराठी विभागांत दोन तक्रारी ठरलेल्या आहेत. तेथे साहित्य नसते ही पहिली, आणि तेथे गर्दी असते ही दुसरी. दोन्हींवर इलाज मात्र एकच सुचवला जातो : संमेलने मैदानांवरून उठवून एखाद्या सुसज्ज सभागृहात न्यावीत आणि मैदाने खेळाडूंना मोकळी करून द्यावीत. ऐकायला हे सभ्य वाटते. प्रस्तुत लेखकाला मात्र ते घातक वाटते. ते का, हे सांगण्यासाठी यवतमाळच्या 2019 च्या संमेलनाकडे जावे लागेल. पण त्याआधी एका महापालिकेच्या मैदानाचा हिशेब मांडला पाहिजे.

दादरचे शिवाजी पार्क मुंबई महापालिकेने 1925 साली लोकांसाठी खुले केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. अवंतिकाबाई गोखले यांच्या सूचनेवरून 1927 साली, शिवाजी महाराजांच्या जन्मत्रिशताब्दीच्या निमित्ताने, त्याला आजचे नाव मिळाले. या एका मैदानाचे उपयोग मोजू लागलो तर यादी संपत नाही. सकाळी तेथे क्रिकेटची जाळी लागतात. रमाकांत आचरेकरांच्या हाताखालची पोरे याच मातीत घडली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांच्या वक्तृत्वाला श्रोता मिळाला तो येथे. शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा 1966 साली येथेच झाला. आणि दरवर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे लाखो लोक याच मैदानावर मुक्काम करतात आणि जाताना पिशव्या भरभरून पुस्तके विकत घेऊन जातात. मराठी ग्रंथव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या आपल्या किती विद्यार्थ्यांनी हा बाजार पाहिला आहे? वाचक घटल्याची हाकाटी आपण सभागृहात बसून करतो, आणि पुस्तकांचे गठ्ठे मैदानावर संपत असतात. (अत्र्यांच्या सभांनाही आपण ‘साहित्येतर’ खात्यात टाकले आहे, ते वेगळेच.)

एवढ्या परस्परविरोधी उपयोगांचे मैदान भांडणाशिवाय चालत नाही, आणि चालूही नये. ध्वनिप्रदूषणाची तक्रार न्यायालयात गेली आणि 2010 साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. पुढे शासनाने क्रीडेतर कार्यक्रमांसाठी वर्षातले 45 दिवस नेमून दिले. खेळणाऱ्या मुलाचा हक्क, कानठळ्या बसणाऱ्या रहिवाशाचा हक्क आणि सभा घेणाऱ्याचा हक्क यांची ही कागदावरची वाटणी आहे. ती कुणालाच पुरती आवडत नाही; पण ती लिहिलेली आहे.

लिहिलेल्या नियमाची खरी कसोटी 2022 साली लागली. शिवसेनेच्या दोन्ही गटांनी दसऱ्यासाठी मैदान मागितले. कायदा व सुव्यवस्थेचे कारण सांगून महापालिकेने दोघांनाही नकार दिला. 23 सप्टेंबरला उच्च न्यायालयाने हा नकार चुकीचा ठरवला आणि ठाकरे गटाला परवानगी दिली. तो पक्ष कुणाला आवडो वा न आवडो, माझा मुद्दा त्यापलीकडचा आहे. ‘गडबड होईल’ एवढे म्हणून बोलणाऱ्याचे तोंड बंद करता येणार नाही, हे तेथे ठरू शकले, कारण मैदानाला मालक होता, तो मालक म्हणजे शहर होते, आणि शहराला न्यायालयात उभे करता येते.

आता यवतमाळ. या गावात संमेलन दोनदा भरले. 1973 साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. दुसऱ्यांदा, 11 ते 13 जानेवारी 2019 या दिवसांत, पोस्टल मैदानावर, म्हणजेच समता मैदानावर, ब्याण्णवावे संमेलन अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली झाले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले होते. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठी संमेलनाचे उद्घाटन कशी करणार, असा स्थानिक विरोध झाला, उधळून लावण्याची भाषा झाली, आणि संमेलन आठवड्यावर आले असताना आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. ज्या पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी विरोध केला होता, त्याच्या अध्यक्षांनी, राज ठाकरे यांनी, आपला आक्षेप नसल्याचे जाहीर केले. तरी निमंत्रण परत गेले नाही. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक निमंत्रितांनी पाठ फिरवली. मांडवात काही स्त्रिया सहगल यांचे मुखवटे लावून बसल्या.

सहगल यांचे वडील रणजित पंडित मूळचे कोकणातल्या मराठी मुलखातले, राजतरंगिणीचे भाषांतरकार, असा युक्तिवाद तेव्हा काहींनी केला. तो हेतूने चांगला असला तरी तर्काने वाईट आहे. वडील मराठी नसते तर काय त्यांना बोलू द्यायचे नव्हते?

कारण येथेही तेच होते : गडबड होईल. फरक एवढाच की दाद मागायला दार नव्हते. नगरपालिकेने परवानगी नाकारली असती तर तिला कारण लेखी द्यावे लागले असते, आणि त्या कारणाची न्यायालयात चिरफाड झाली असती. स्वागत समितीने एक निरोप धाडला आणि प्रकरण मिटले. मैदानाभोवती कनात बांधली की तीन दिवस ते कुणाचे तरी दिवाणखाने होते, आणि दिवाणखान्यात कुणाला बोलवावे ही यजमानाची मर्जी.

यावर कुणी म्हणेल, मैदान नगरपालिकेचे असते तरी आयोजकांनी कच खाल्लीच असती. खाल्ली असती, कबूल. पण जागा देतानाच ‘जाहीर झालेला वक्ता धमकीमुळे वगळला जाणार नाही, संरक्षण मागितल्यास प्रशासन लेखी उत्तर देईल’ अशी अट मालकाने घातली असती, तर कच खाणाऱ्याला निदान आडोसा उरला नसता.

त्याच मैदानाने काय दिले तेही सांगायला हवे. उद्घाटन अखेर कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केले. शेतकरी आत्महत्येने उजाड झालेल्या घरातली ही बाई हजारोंसमोर उभी राहून बोलली. त्यांना पुढे करण्यामागे आयोजकांची सोय असेलही. पण बोलल्या त्या स्वतःचे. ज्या जिल्ह्याचे नाव महाराष्ट्र आत्महत्यांच्या आकड्यांतून ओळखतो, त्या जिल्ह्याने सारस्वतांना समोरासमोर ऐकवले. तिकीटवाल्या, प्रवेशिकावाल्या सभागृहात हे घडले असते असे मला वाटत नाही. त्या श्रोत्यांतले कितीजण तेथे पोचले असते?

म्हणून ‘सभागृहात चला’ हा सल्ला मला मान्य नाही. त्यानंतरची संमेलने कोठे भरली पाहा. नाशिकला 2021 साली खासगी शिक्षणसंस्थेच्या आवारात, उदगीरला 2022 साली आणि अमळनेरला 2024 साली महाविद्यालयांच्या आवारात. संस्थाचालकांचे आतिथ्य नाकारण्याचे कारण नाही, पण ज्याचे आवार त्याचा शब्द, हे विसरण्याचेही कारण नाही. दिल्लीचे अठ्ठ्याण्णवावे संमेलन, फेब्रुवारी 2025 मधले, मात्र तालकटोरा स्टेडियममध्ये झाले. हे नवी दिल्ली नगरपालिकेच्या मालकीचे, 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुष्टियुद्धाचा आखाडा ठरलेले, एरवी राजकीय सभांचे बंदिस्त प्रेक्षागार. तेथे ताराबाई भवाळकरांचे संमेलन भरले. उद्घाटन तेवढे पंतप्रधानांच्या उपस्थितीत विज्ञान भवनात झाले. जागेची ही वाटणी पुरेशी बोलकी आहे. बाजीरावाच्या 1737 च्या स्वारीची आठवण तालकटोऱ्याला जोडून भाषणे झाली. स्टेडियमची मालकी कुणाची, अटी कोणत्या, हे कुणी विचारल्याचे वाचनात आले नाही.

महामंडळ यजमान निवडताना निवासाच्या खोल्या, भोजन, ग्रंथदालनातले गाळे यांची पाहणी करते. त्या पाहणीच्या कागदावर आणखी दोन रकाने हवेत : जागेचा मालक कोण, आणि वक्त्याला धमकी आली तर त्याने काय करायचे लेखी कबूल केले आहे. यवतमाळात तिसऱ्यांदा संमेलन मागणारे कुणी निघालेच, तर पहिला अर्ज त्यांनी नगर परिषदेकडे करावा आणि उत्तराची प्रत महामंडळाला जोडावी.