आधी पाणी, मग गाडी
केळव्याची कितीतरी पोरं तारापूर एमआयडीसीत कामाला जातात. अंगावर ॲसिड उडालं की माझ्याकडे येतात ती टूथपेस्ट फासून, त्याच भिजलेल्या कपड्यांत. सगळे गाडी शोधत बसले, पाणी कुणी ओतलंच नाही! कपडे उतरवून निदान २० मिनिटं वाहतं पाणी, मग दवाखाना. (चुन्यासारखी कोरडी पूड असेल तर ती आधी झटकायची.) हे शिकवायला अर्धा तास पुरतो.

२०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या (१९४८) कलम ४५ने कधीच सांगून ठेवलं होतं: दर १५० कामगारांमागे प्रथमोपचार पेटी, आणि कामाच्या वेळेत हजर असणारा प्रमाणपत्रधारक माणूस. पेटी भिंतीवर दिसते. रात्रपाळीला माणूस कुठे असतो?

‘कंत्राटी माणसं टिकत नाहीत, शिकवून काय उपयोग?’ असं मालक म्हणतात. मग ॲसिडचे ड्रम त्यांनाच कसे हलवायला लावता? तुमच्या पाळीत तो प्रमाणपत्रधारक कोण, उद्या सुपरवायझरला नाव विचारा.